आधी कान, मग सेट

अगं, तू पाठवलेली त्या हातातल्या वायरलेस सेटची लिंक बघितली. हॅम रेडिओची, म्हणजे परवाना घेऊन हौसेने वायरलेसवर बोलण्याची, गोडी तुला लागली, याचा मला फार आनंद झालाय. तरी सांगते, सेट एवढ्यात घेऊ नकोस. ऑनलाइन दोन दिवसांत घरपोच मिळतो म्हणून तो चालवायची मुभा मिळते असं नाही. परवान्याशिवाय त्यावरून बोलणं हा गुन्हा आहे. आणि खरं सांगू? या छंदात पैसे सगळ्यात शेवटी लागतात. सुरुवातीला मोबाइल, हेडफोन आणि रोजचा अर्धा तास पुरतो.

पहिलं काम ऐकायचं. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा एक रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला आहे. त्याला वेबएसडीआर म्हणतात. मुदखेडच्या घरात बसून तू त्याची सुई फिरवायची आणि तिकडच्या अँटेनावर पडणारे आवाज इकडे ऐकायचे. रात्री जेवणं झाली की ७ ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये शिर आणि एलएसबी हा पर्याय निवड. चुकून यूएसबी हा पर्याय राहिला तर माणसाचं बोलणं बदकासारखं ऐकू येतं, घाबरू नकोस. कोणीतरी ‘सीक्यू, सीक्यू’ म्हणत असेल, म्हणजे कोणीही उत्तर द्या. मग दुसरा आपली खूण, म्हणजे कॉलसाइन, सांगेल, दोघं एकमेकांना आवाज कसा येतो ते कळवतील, गाव सांगतील आणि ‘सेव्हंटी थ्री’ म्हणून निरोप घेतील. आठवडाभर हे ऐकलंस की बोलण्याची रीत आपोआप अंगात मुरेल. एक वही कर. वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉलसाइन, देश लिहीत जा. हाच पट्टा तिकडच्या दुपारी शांतसा का आणि रात्री गजबजलेला का, हा प्रश्न त्या वहीतूनच तुला पडेल. दिवसा आयनांबराचा खालचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून हजारो किलोमीटर लांब उतरतात. पुस्तकात वाचून हे पाठ होतं. कानाने अनुभवलं की कायमचं समजतं.

मोर्स शिकायचं असेल तर एलसीडब्ल्यूओ नावाचा फुकट अभ्यासक्रम आहे. पहिल्या धड्यात फक्त के आणि एम ही दोनच अक्षरं, पण पूर्ण वेगात. ती पक्की झाली की तिसरं. टिंब-रेघांचा तक्ता भिंतीवर मुळीच लावू नकोस. डोळ्यांना सवय लागली की कान आळशी होतो.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचंही वेळापत्रक बघत जा. तिथून अधूनमधून १४५.८ मेगाहर्ट्झवर आवाजाच्या रूपात चित्रं पाठवतात. तो आवाज मोबाइलच्या ॲपला ऐकवला की पडद्यावर एकेका ओळीने चित्र उमटतं. कल्पना चावला आणि सुनीता विल्यम्स दोघींकडे हॅमचा परवाना होता. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला तिथून आपल्या देशातल्या मुलांशी बोलले, तेही हॅम रेडिओवरूनच.

आता परवान्याच्या परीक्षेचं. वयाची अट बारा वर्षं पूर्ण, एवढीच. तू तर कधीच बसली असतीस. दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही, जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने घ्यावं आणि द्यावं लागतं. लेखी भाग दोन, रेडिओचं तंत्र आणि नियम. तंत्र तुझ्या बारावीच्या फिजिक्सला लागूनच आहे. ओहमचा नियम, कॉइल, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, अँटेना. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की डायपोल अँटेनाची लांबी मीटरमध्ये मिळते, ७.१ साठी साधारण २० मीटर तार, मधून तोडून दोन्हीकडे दहा-दहा. नियमांचा भाग मात्र पोरं टाळतात आणि तिथेच अडकतात, म्हणून तो आधी कर. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर भरायचा. ऑनलाइन वर्ग बरेच हॅम क्लब घेतात, आणि आपल्याला तर हैदराबाद रेल्वेने जवळच. तिथली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ १९८३ पासून हेच काम करते.

आई विचारेल, हे शिकून होणार काय? तिला किल्लारीच्या भूकंपाची आठवण दे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या शेजारच्या जिल्ह्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हा हॅम मंडळी सेट घेऊन तिथे पोचली आणि निरोपांची ने-आण केली. आणि भारती प्रसाद यांचं नाव सांग. २००४ च्या डिसेंबरात त्या हैदराबादच्या याच संस्थेचा चमू घेऊन अंदमानात हॅम केंद्र चालवत होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, संपर्काचे बाकीचे मार्ग तुटले, आणि पोर्ट ब्लेअरहून त्यांच्या केंद्रावरून लोकांची खुशाली मुख्य भूमीला कळत राहिली. मोबाइलचे टॉवर वीज गेली की काही तासांत माना टाकतात. बॅटरी, तार आणि ते चालवता येणारं माणूस गावातच असायला हवं. मुदखेडमध्ये ते माणूस तू व्हावंस, असं मला फार वाटतं.

आता फक्त तुझ्या-माझ्यातलं. हवेत बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. गाव सांग, गल्ली सांगू नकोस. फोन नंबर तर कोणालाच नाही. कॉलसाइनच्या ऑनलाइन यादीत, म्हणजे कॉलबुकात, घरचा पत्ता दाखवायचा का, ते बाबांशी बोलून ठरव. मुलीचा आवाज ऐकून कोणी नको तेवढं लांबवायला लागलं, तर ‘सेव्हंटी थ्री’ म्हण आणि बाजूला हो. कारण द्यायची गरज नाही. बहुतेक जुने हॅम फार मायेने शिकवतात, त्यांना बिनधास्त प्रश्न विचार. पुढे गच्चीवर तार बांधशील तेव्हा विजेच्या तारांपासून लांब, आणि सोबत कोणीतरी हवंच. वळवाचं आभाळ भरून आलं की अँटेना सेटपासून काढून ठेवायची, यात हयगय नको.

आज रात्रीपासून ऐकायला लाग. एखादं बोलणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत समजलं की मला वहीच्या त्या पानाचा फोटो पाठव. परीक्षेचा अर्ज मग आपण दोघी मिळून भरू, आणि पास झालीस की पहिल्या सेटला अर्धे पैसे माझे.