गेम चालतो, संगीत गायब

'रिज रेसर' सुरू झाला, गाडी सुटली, टायरही करकरले. संगीत मात्र नाही. वाशिमच्या एका हौशी गेमरने आधी स्पीकर तपासले, मग साउंडचे ड्रायव्हर नव्याने टाकले, शेवटी जुन्या कन्सोलचे गेम संगणकावर चालवणारा एम्युलेटरच काढून दुसरा बसवला. दोष यांपैकी कशातच नव्हता. स्वतःच्या जुन्या सीडीची जी इमेज, म्हणजे फाइलरूपी प्रत, त्याने काढून ठेवली होती, तीच अर्धवट होती.

हा गेम जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ ला पहिल्या प्लेस्टेशनसोबतच आला. त्याच्या सीडीत पहिल्या ट्रॅकवर प्रोग्रॅम आणि पुढे साधे ऑडिओ ट्रॅक, गाण्यांच्या सीडीत असतात तसेच. गेम एकदा मेमरीत चढला, की सीडी लागायची ती संगीतापुरती. म्हणून मूळ मशीनवर पोरं मधेच सीडी बदलून आवडीची गाणी घालत आणि त्या तालावर गाडी पळवत! आयएसओ प्रकारची इमेज मात्र एकाच डेटा ट्रॅकची असते, आणि तीही सेक्टरमागे २,०४८ बाइटच उचलते. सीडीचा अख्खा सेक्टर २,३५२ बाइटचा. ऑडिओ ट्रॅक तिथेच गळतात.

म्हणून पहिल्या प्लेस्टेशनसाठी बिन आणि क्यू हीच जोडी धरावी. बिनमध्ये सगळा माल. कुठला ट्रॅक कुठून सुरू होतो, ते सांगणारी चिठ्ठी म्हणजे क्यू. ती नोटपॅडमध्ये उघडून बघावी. बहुतेकदा पहिल्याच ओळीत बिन फाइलीचं नाव अवतरणचिन्हांत दिसतं. फोल्डर नीट लावायच्या नादात माणूस बिनचं नाव बदलतो, चिठ्ठीतलं जुनंच राहतं आणि एम्युलेटर हात वर करतो. दुरुस्ती एका ओळीची, पण ती ठाऊक नसली की लोक अख्खी इमेज पुन्हा काढायला बसतात.

युरोपीय आवृत्तीच्या काही गेमांत आणखी एक खोडी आहे. 'फायनल फँटसी ९' सारख्या डिस्कवर 'लिबक्रिप्ट' नावाचं संरक्षण आहे. त्याची खूण सबचॅनलमध्ये असते आणि साध्या बिन-क्यूत ती येत नाही. अशा वेळी इमेजच्याच नावाची छोटी एसबीआय फाइल शेजारी ठेवावी लागते.

प्लेस्टेशन २ चे बहुतेक गेम डीव्हीडीवर, तिथे आयएसओ चालते. अडचण येते ती वेगळीच: डेस्कटॉपवरून लॅपटॉपवर न्यायला इमेज पेनड्राइव्हवर टाकावी, तर जागा भरपूर असूनही कॉपी होत नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात मावतच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलं की काम होतं. आतलं सगळं पुसलं जातं, हे आधी लक्षात घ्यावं.

हा खटाटोप परदेशी गेमांपुरता नाही. मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०१० मध्ये 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' प्लेस्टेशन २ साठी काढला, २०११ मध्ये 'रा.वन' वरचा गेमही केला. ज्याच्याकडे अशी डिस्क किंवा घरी राइट केलेली प्रत आहे त्याने ती टिनाच्या खोलीत, वर कुठेतरी टाकून ठेवू नये. वाशिमच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि घरी राइट केलेल्या सीडीच्या रंगथराला ऊन-उष्णता मुळीच सोसत नाही. सीडीचा चकाकणारा थर नावाच्या बाजूला, पातळ लाखेखालीच असतो. त्यामुळे खालचा ओरखडा पुष्कळदा घासून निघतो, वरचा खोल गेला की डेटा गेला. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधे असतो, तेवढी ती निर्धास्त.

कायद्याचं म्हणाल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ रीतसर विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची, हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून, बॅकअप प्रत काढू देतं. शेजाऱ्याच्या डिस्कला ते लागू नाही. कन्सोल सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमवर, म्हणजे बायोसवरही, हक्क कंपनीचाच, म्हणून तो आपल्याच मशीनमधून काढावा.

राहिलं सेव्ह करणं. खेळ आहे त्या क्षणी गोठवून ठेवणारी एम्युलेटरची सेव्ह स्टेट सोयीची खरी, पण एम्युलेटरची आवृत्ती बदलली की ती उघडेलच असं नाही. गेमच्या मेनूतून मेमरी कार्डावर सेव्ह करावं. पहिल्या प्लेस्टेशनचं कार्ड म्हणजे १२८ केबीची फाइल, १५ ब्लॉकची. सेव्ह होत असतानाच लाइट गेली तर ती खराब होऊ शकते, म्हणून खेळ आटोपला की तिची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर टाकावी.