आधी कामं मोज, मग माणसं ठेव

मिरज

चि. मधुरा,


तू पाठवलेले दोन्ही ब्यूरोंचे दर पाहिले. एकाकडे चोवीस तासांची सिस्टर, रोजचे २,४०० रुपये. दुसऱ्याकडे बारा तासांचा अटेंडंट, रोजचे ९०० रुपये. ‘शुक्रवारी डिस्चार्ज आहे, यातलं कुठलं घेऊ ते सांग,’ असं तू विचारलंस. नुसते दर वाचून ते सांगता येणार नाही. माझ्या दादाला, तुझ्या बाबांना, दिवसभरात काय काय लागणार आणि त्यातलं कुणाला काय जमणार, हे कागदावर आल्याशिवाय कुठला दर महाग नि कुठला स्वस्त हे कळायचं नाही. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात गेली. घाबरून पहिल्या महिन्यात पैसा ओतलेली आणि चौथ्या महिन्यात हात टेकलेली घरं मी खूप पाहिली आहेत. अर्धांगवायूचं दुखणं लांबतं, तेव्हा हिशेबही लांबचा धर.

एक वही घे आणि दादाची चोवीस तासांची कामं लिहून काढ. नळीतून फीड, दर दोन तासांनी कूस बदलणं, सकाळी तोंडाची स्वच्छता आणि स्पंजिंग, डायपर, लघवीची पिशवी रिकामी करणं, नळीतून औषधं, बीपी, हातापायाचे व्यायाम. आता शिकलेल्या नर्सनंच करायची कामं वेगळी लिही. नाकातली नळी बदलणं, कॅथेटर बदलणं, इंजेक्शन, जखम असेल तर ड्रेसिंग. यातलं एकही काम रोज तासातासाला पडणारं नाही. बाकीची कामं नीट शिकवली तर शहाण्या माणसाला येतात. दादाच्या गळ्यात श्वासाची नळी असती, सतत सक्शन लागत असतं, तर चोवीस तास सिस्टर ठेव असंच मी लिहिलं असतं. तशी वेळ नाही, हे आपलं नशीब.

म्हणून माझं म्हणणं असं. पहिले दहा दिवस दिवसपाळीला सिस्टर ठेव आणि तिच्याबरोबरच अटेंडंटही लाव. सिस्टरला पहिल्याच दिवशी सांग, की अटेंडंटला, वहिनींना आणि तुला शिकवून तयार करायचं हे तिचं मुख्य काम. दहा दिवसांनी तिची रोजची पाळी बंद कर आणि आठवड्यातून दोनदा फेरी मारायला सांग. अटेंडंट शक्यतो पुरुष बघ, वॉर्डात काम केलेला एखादा मामा. दादाचा देह जड आहे, आणि स्वच्छतेच्या वेळी त्याला संकोचही कमी वाटेल.

‘चोवीस तास’ या शब्दांना मात्र भुलू नकोस. चोवीस तासांचं माणूस चोवीस तास जागं राहत नाही. त्यालाही सहा-सात तास झोप हवी, तेव्हा रात्रीची कूस घरच्यांनाच बदलावी लागते. आठवड्यातल्या पाच रात्री तू आणि जावईबापू वाटून घ्या, दोन रात्री पैसे देऊन माणूस ठेवा. या दोन रात्री चैनीच्या समजू नकोस. तुझी नोकरी टिकायची असेल तर त्या लागतीलच.

आता आकडे. अटेंडंटचे महिन्याचे २७,०००. आठ रात्रींचे ७,२००. सिस्टरची फेरी ५०० रुपयांची धरली तर महिन्याचे ४,०००. फिजिओथेरपिस्ट ६०० रुपयांप्रमाणे २६ दिवस, म्हणजे १५,६००. डायपर आणि अंडरपॅडचे ४,८००. एकूण ५८,६००, औषधं वेगळी. पहिल्या महिन्यात सिस्टरच्या दहा दिवसपाळ्यांचे अंदाजे १५,००० त्यात वाढव. चोवीस तासांच्या सिस्टरचे नुसते ७२,००० होतात. त्या दरात फिजिओ नाही आणि डायपरही नाहीत. ते धरले की ९२,४००. दादाचं पेन्शन ३८,०००. माझ्या हिशेबात महिन्याला २०,६०० कमी पडतात, म्हणजे वर्षाला सुमारे अडीच लाख. ही रक्कम तुम्हा भावंडांच्या आवाक्यातली आहे. दुसऱ्या हिशेबात दादाच्या ठेवी दिवाळीपर्यंत मोडाव्या लागतील.

या यादीत एका रकमेला कात्री लावू नकोस, ती म्हणजे फिजिओची. अर्धांगवायूनंतर शरीर जे परत मिळवतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन ते सहा महिन्यांत मिळवतं. दादा स्वतःच्या पायांवर खुर्चीपर्यंत आला, की अटेंडंटचे तास आपोआप कमी होतील. तसंच गिळण्याचं. डॉक्टरांना विचारून स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घे. नाकातली नळी जितकी लवकर निघेल, तितका तिच्यामागचा खर्च आणि धोका दोन्ही निघतील.

दुसरी खरी बचत कातडीची. पाठीला एकदा बेडसोअर झाला की रोजचं ड्रेसिंग, अँटिबायोटिक, कधी पुन्हा दाखल होणं, आणि भरायला महिनेच्या महिने. म्हणून हे नीट वाच. दादाच्या खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी एक आडवी चादर कायम त्याच्या पाठीखाली असू दे. कूस बदलताना दोघांनी दोन्ही बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून घट्ट धरायच्या आणि एका दमात उचलून सरकवायचं. फरफटवायचं नाही. ओढलं की कातडी घासते. लुळ्या हाताला धरून तर त्याला कधीच ओढायचं नाही, खांदा निखळतो. प्रत्येक वेळी माकडहाड, खुबे आणि टाचा बघायच्या. लाली दिसली तर बोटानं दाबायची. दाबल्यावर ती फिकी पडून परत लाल झाली तर वेळ अजून गेलेली नाही. फिकी पडत नसेल, तर त्या जागेवर अजिबात भार द्यायचा नाही, चोळायचं नाही आणि सिस्टरला त्याच दिवशी बोलवायचं. एअर मॅट्रेस जरूर घ्या, पण ती घेतली म्हणून कूस बदलणं सुटत नाही.

पलंग, व्हीलचेअर, वॉकर विकत घेऊ नकोस. पुण्यात रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या संस्था आहेत. अनामत ठेवून अगदी थोड्या भाड्यात फाउलर बेड मिळतो. औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवून जेनेरिक चालतील का ते विचार, चालणारी जनऔषधी केंद्रातून आण. कुठली गोळी कुटून नळीतून द्यायची नाही, हेही त्याच वेळी विचारून घे. काही गोळ्या कुटल्या की त्यांचं काम बिघडतं.

ब्यूरोशी बोलताना लाजू नकोस. सिस्टर म्हणून जी येईल तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी पाहा. पांढरा ड्रेस घातला म्हणून कुणी सिस्टर होत नाही. अटेंडंटची ओळखपत्रं आणि पोलीस पडताळणी माग. तो रजेवर गेला तर बदली किती तासांत येईल, त्या दिवसाचे पैसे कसे कापले जातील, अनामत कधी परत मिळेल, किती दिवस आधी सांगून करार मोडता येईल, हे सगळं लेखी घे. पैसे बँकेतून दे, पावती ठेव. आणि ९०० मधले त्या माणसाच्या हातात किती पडतात तेही विचार. जिथं त्याला फार थोडे पडतात, तिथं माणूस टिकत नाही, आणि दर पंधरवड्याला नव्याला सगळं पहिल्यापासून शिकवत बसावं लागतं. त्याचं जेवण, चहा, आठवड्याची सुट्टी आधीच ठरव. इंजेक्शन देणं आणि नळी घालणं ही कामं त्याला कधीच सांगायची नाहीत, तो ‘येतं’ म्हणाला तरीही.

विम्याकडून फार आशा धरू नकोस. बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरचा काही काळ, साधारणपणे ६० दिवस, औषधं आणि तपासण्यांचा खर्च मिळतो. फिजिओ बसतो का ते दादाच्या पॉलिसीत वाच, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट प्रत्येक बिल जपून ठेव. घरच्या अटेंडंटचे पैसे सहसा मिळत नाहीत. सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान भारतचं ५ लाखांचं कार्ड आहे, तेही रुग्णालयात दाखल होण्यापुरतं. दादाचं काढून ठेव, पुन्हा दाखल करायची वेळ आली तर उपयोगी पडेल. आयकरात सूट मिळते असं कुणीतरी सांगेल. पण दादाचं उत्पन्न नव्या पद्धतीत करमुक्तच ठरतं, तेव्हा त्याला वाचवायला करच नाही. ती आशा बजेटात धरू नकोस.

बँकेचं काम मात्र याच आठवड्यात कर. दादाचा उजवा हात गेलाय, सही येणार नाही आणि पेन्शन खात्यात अडकून बसेल. अशा खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देता येतात. त्यातला एक साक्षीदार बँकेचा अधिकारी असावा लागतो. शाखेत जाऊन रीतसर अर्ज दे. नोव्हेंबरात हयातीचा दाखलाही लागेल. तो घरबसल्या मोबाइलवर चेहऱ्याच्या पडताळणीने देता येतो.

राहिली घरातली वाटणी. तुझा भाऊ सुजय बंगळुरूहून पैसे पाठवेल आणि तू वेळ देशील. पुढे हीच गोष्ट दोघांच्या मनात सलायला लागते. ‘मी इतके पाठवतो’ आणि ‘मी इतकं करते’ यांचा हिशेब कधीच जुळत नाही. तेव्हा आत्ताच तुम्ही दोघं आणि वहिनी, असे तिघं बसा. वहीच्या एका पानावर पैसे लिहा, दुसऱ्यावर तास. वहिनींचेही तास लिहा. त्या बोलणार नाहीत, पण वयाच्या सत्तरीत त्या दिवसभर उभ्या आहेत, त्यांची कंबर गेली तर तुमच्या घरात दोन पलंग लागतील. सुजयनं वर्षातून दोनदा आठवडाभर येऊन दादाचं सगळं करावं, तुला आणि वहिनींना सुट्टी द्यावी. हे त्याला मी स्वतः सांगणार आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती वही उघड. कुठलं काम संपलं, कुठलं वाढलं ते बघ आणि त्याप्रमाणे माणसांचे तास बदल. गरज उरली नाही तरी सवयीनं चालू राहिलेली पाळी हाच घरच्या शुश्रूषेतला सर्वांत मोठा वाया जाणारा खर्च असतो.

कामांची यादी कागदावर येईपर्यंत कुठल्याही ब्यूरोला आगाऊ रक्कम पाठवू नकोस. उद्या सकाळच्या फीडच्या वेळी वॉर्डात जा आणि तिथल्या सिस्टरांना सांग, ‘मला दाखवा.’ डोकं किती वर हवं, नळी जागेवर आहे हे कसं बघायचं, फीडनंतर किती वेळ आडवं करायचं नाही, हे त्यांच्यासमोर स्वतःच्या हातानं कर. शुक्रवारपर्यंत तुझा हात बसला पाहिजे.

तुझी,
आत्या