हरवलेले नगर कोणास सापडते?

पेरू देशातील इंका राजांनी स्पॅनिश सैन्यापुढे माघार घेऊन विल्काबांबा नावाच्या नगरीचा आश्रय केला होता. तिच्या शोधार्थ प्राध्यापक हायरम बिंगहॅम १९११ साली अँडीज पर्वतात शिरले. मेल्चोर आर्तेआगा नावाच्या एका शेतकऱ्याने त्यांस माचू पिच्चूची वाट दाखविली. वर जाऊन पाहतात तो त्या पुरातन पायऱ्यांवर काही कुटुंबे खुशाल शेती करीत होती! हीच विल्काबांबा, असे बिंगहॅम यांनी मानले. खरी विल्काबांबा एस्पिरितू पांपा येथील अवशेष होत, हे पुढे ठरले. तेथेही बिंगहॅम त्याच वर्षी जाऊन आले होते. पण त्यांनी ते स्थळ ओळखले नाही!

असे नगर पाहण्यास आपणांस अँडीज चढावयास नको. मानखुर्दहून आगगाडीने कुर्ला, दादर करीत नालासोपाऱ्यास उतरले म्हणजे झाले. महाभारतातील शूर्पारक ते हेच. नाशिक व कार्ले येथील लेण्यांतील शिलालेखांत त्याचे नाव आहे, आणि सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या ग्रीक नाविकानेही या बंदराचा उल्लेख केला आहे. पुढे वैभव गेले, गाव तेवढे उरले. तेथील एका उंचवट्यास लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा उंचवटा खणविला. तो कोट नव्हे, विटांचा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी. तीत तांब्याचा करंडक व त्याभोवती बुद्धांच्या आठ मूर्ती. आणि एकात एक ठेवलेल्या डब्यांच्या अगदी आत, सोन्याच्या डबीत, मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे! सोन्याच्या वेष्टनात जपलेली ती खापरे पाहून श्रद्धेचे मोल कशाने करावे, हे मनास उमजते. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही होते. गावाजवळच अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा मिळाला. पंडितजी जुनागडचे, गिरनारच्या शिळेवरील अशोकाची अक्षरे त्यांनी बालपणापासून अभ्यासिली होती. म्हणूनच त्या फुटक्या दगडाची ओळख त्यांस पटली. नवव्या आज्ञालेखाचा तुकडा जवळच्या भुईगावी १९५६ साली सापडला.

आता एक मोह सांगतो. पवित्र शास्त्रात शलमोन राजाची जहाजे ओफीराहून सोने आणीत, असे वर्णन आहे. ओफीर म्हणजेच सोपारा, असे काही विद्वानांनी सुचविले आहे. आम्हां ख्रिस्ती शिक्षकांस ते खरे ठरल्यास किती आनंद होईल! परंतु नावांच्या साम्यापलीकडे भक्कम पुरावा नाही. म्हणून वर्गात आम्ही ते सिद्ध झाले असे शिकवीत नाही. बिंगहॅम यांची चूक हीच की, मनात धरलेले उत्तर त्यांनी डोळ्यांपुढील दगडांवर लादले. जे आपणांस प्रिय, त्याचा पुरावा अधिक कसून तपासावा, हाच सत्यनिष्ठेचा मार्ग होय.

दुसरा धडा असा की, हरवलेली स्थळे तेथील रहिवाशांस ठाऊकच असतात. हरवतो तो त्यांचा अर्थ. शेतकऱ्यास वाट माहीत होती, सोपाऱ्याच्या लोकांस कोट माहीत होता. तेव्हा या सुटीत आपल्या गावठाणातील, खाडीकाठच्या वृद्ध मंडळींस जागांची जुनी नावे विचारा व वहीत टिपून ठेवा. इमारती उठतात, तळी बुजतात, आणि नाव सांगणारे माणूस गेले की उंचवटा मुका होतो. तो मुका होण्यापूर्वी त्यास बोलते करणे, एवढे संशोधन आपणां सर्वांच्या हातचे आहे.