तोरण्यावरची गोगलगाय

पावसाळ्यात भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत गेलात, तर जागोजागी कातळावरून पाणी वाहताना दिसते. अशा ओल्या कातळाला चिकटून बसलेली, चिंचोक्याएवढी किंवा त्याहूनही लहान गोगलगाय तुम्ही कधी पाहिली आहे का? उर्दूत आपण तिला घोंघा म्हणतो.

या गोगलगायीचे कूळ मूळचे समुद्रातले. तिची भावंडे जगभर समुद्रकाठच्या खडकांवर राहतात, अगदी उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ किनाऱ्यांवरसुद्धा! त्यांपैकी गोड्या पाण्यात राहणारे हे एकच घराणे आहे आणि ते फक्त सह्याद्रीत सापडते. भूवैज्ञानिक विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६९ साली त्याला 'क्रेम्नोकाँकस' असे नाव दिले. ग्रीक भाषेत 'क्रेम्नोस' म्हणजे कडा. यातील 'कोनिकस' ही शंकूच्या आकाराची जात त्यांनी तोरणा आणि राजगड येथून नोंदवली.

एवढासा जीव! तो संकटात आहे की नाही, हे कसे ठरवायचे? वाघ मोजतात तशा कातळाच्या फटीतल्या गोगलगायी कोण मोजणार? म्हणून जीव न मोजता जागा मोजतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ 'लाल यादी' तयार करतो. त्यासाठी नकाशावर २ किलोमीटर लांब व तितकेच रुंद असे चौकोन आखतात. समजा, एक जात तीन धबधब्यांपाशी, तीन वेगळ्या चौकोनांत सापडली. प्रत्येक चौकोन ४ चौरस किलोमीटरचा, म्हणून तिची जागा झाली १२ चौरस किलोमीटर. ५०० पेक्षा कमी जागा असेल तर 'संकटग्रस्त' आणि १० पेक्षाही कमी असेल तर 'अतिसंकटग्रस्त', अशी मर्यादा आहे.

मग आपली गोगलगाय संकटग्रस्त ठरली का? थांबा! नुसती जागा लहान असून भागत नाही. लहानशा जागेत एखादी जात हजारो वर्षे सुखाने राहू शकते. ठिकाणे पाचापेक्षा जास्त नाहीत ना आणि तिथला निवारा घटत चालला आहे का, हेही पाहावे लागते. रस्त्यासाठी कडा फोडला, झऱ्याचे पाणी वळवले, तर कातळ कोरडा पडतो. कोणता कातळ पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत ओला असे आणि आता कधी सुकतो, हे पायथ्याच्या गावातील माणूस पाहुण्या शास्त्रज्ञापेक्षा चांगले सांगू शकेल.

माहितीच पुरेशी नसेल, तर यादीत 'अपुरी माहिती' असा शेरा देतात. मला हा शेरा प्रामाणिक वाटतो. प्रगतिपुस्तकात 'नापास' आणि 'गैरहजर' यांत फरक असतो ना, तसेच हे आहे.

२०११ साली पश्चिम घाटातील मासे, मृदुकाय प्राणी, चतुर आणि पाणवनस्पती यांचा असा अहवाल प्रसिद्ध झाला. याच घराण्यातील 'सह्याद्रेन्सिस' ही जात 'संकटग्रस्त' ठरली. सह्याद्रीचेच नाव आहे तिला! पुढे २०१३ साली शास्त्रज्ञांनी हे घराणे पुन्हा तपासले, तेव्हा एकूण नऊ जाती निघाल्या. त्यांतील सहा अगदी नव्या होत्या. दोनच वर्षांपूर्वीच्या अहवालात त्यांची नावे असणार तरी कशी?