वळवाचे वादळ आणि ईयोबाचे मित्र

शास्त्रपाठ : ईयोब १:१३-१९, ४२:७, लूक १३:१-५, मार्क ४:३५-४१

पाठाचा उद्देश : संकटात सापडलेल्याचे पाप न शोधता त्याच्या मदतीस धावून जाणे.

पेडणे व डिचोलीकडील लोकांना मे महिन्याचे वर्णन करून सांगावयास नको. पारा विदर्भासारखा चढत नाही, पण हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही व जीव कासावीस होतो. दुपारी हीच दमट हवा तापून वर चढते, पूर्वेस सह्याद्रीच्या बाजूला काळे ढग उभे राहतात आणि सायंकाळी विजांच्या कडकडाटासह वळीव कोसळतो. १६ मे २०२१ रोजी तर ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे व विजेचे खांब उन्मळून पडले, माणसेही दगावली.

अशा वेळी कोणी ना कोणी म्हणतेच, “त्याच्याच घरावर झाड का पडले? काही पाप असेल.” हे बोलणे शास्त्राला धरून आहे काय?

१. ईयोबाचे मित्र : आकाशातून अग्नी पडून ईयोबाची मेंढरे जळाली. रानाकडून आलेल्या वाऱ्याने घर कोसळून त्याची मुले मेली. मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडले आणि ते आरोपी शोधू लागले. शेवटी देवाचा कोप ईयोबावर नव्हे, तर त्यांच्यावर झाला.

२. शिलोहाचा बुरूज : बुरूज पडून अठरा जण मेले. ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. पश्चात्तापाची गरज त्याने ऐकणाऱ्यांनाच दाखविली.

३. गालीलातील तुफान : गालीलचे सरोवर सागरसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली असून सभोवती डोंगर आहेत, म्हणून तेथे वारा अवचित सुटतो. शिष्य त्या नावेत का होते? प्रभूनेच पलीकडे जाण्यास सांगितले म्हणून. ते आज्ञेत असतानाच वादळात सापडले. आणि प्रभू त्याच नावेत होता.

४. आपले कर्तव्य : काजूच्या बागेत बोंडू वेचणाऱ्यांना व सड्यावर गुरे राखणाऱ्यांना हे शिकवावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंद म्हणजे सुमारे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आल्यास पक्क्या घरात जावे, झाडाखाली थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. सायंकाळची प्रार्थनासभा पुढे ढकलावी लागली, तर तो अविश्वास नव्हे.

आणखी एक गोष्ट. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. तरी पुष्कळ लोक त्याला शिवण्यास भितात आणि तो तसाच पडून राहतो. श्वास बंद पडला असेल तर तत्काळ छाती दाबून कृत्रिम श्वास द्यावा व इस्पितळात न्यावे. असे केल्याने माणूस वाचू शकतो. शरीराविषयीची ही भीती आणि “त्याचे पाप असेल” ही मनातील भीती, दोन्ही एकाच जातीच्या. दोन्हींमुळे जखमी शेजारी वाटेवर पडून राहतो.

वर्गात चर्चेसाठी :
१. ईयोबाच्या मित्रांचे कोठे बरोबर होते व कोठे चुकले?
२. आपल्या मंडळीत उन्हात राबणारे कोण आहेत? त्यांच्यासाठी या आठवड्यात काय करता येईल?

प्रार्थना : हे प्रभू, वादळात आम्हांला तुझी सोबत दे, आणि शेजाऱ्याच्या वादळात आम्हांला न्यायाधीश नव्हे, तर सोबती कर. आमेन.