आधी घर, मग प्रवास, आणि दोन्ही हिशेबात : निवृत्तीच्या पैशांची मांडणी

निवृत्तीच्या महिन्यात भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून खात्यात जी रक्कम जमा होते, ती पगारदार माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच एकत्र पाहिलेली असते. त्याच महिन्यात घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "आता एकदाचे ते बाथरूम नीट करून घेऊ" आणि "आता तरी कुठे फिरून येऊ." दोन्ही मागण्या रास्त असतात. उत्तर मात्र बहुतेक घरांत एकच मिळते : "बघू, उरले तर करू." मग सगळी रक्कम ठेवींत जाते, उरत काहीच नाही. पाच-सात वर्षांनी बाथरूम तेच असते, गुडघे मात्र तेच राहिलेले नसतात.

म्हणून घरदुरुस्ती आणि प्रवास यांचे आकडे ठेवी ठेवण्याआधी कागदावर लिहायला हवेत. कसे, ते एका उदाहरणातून पाहू. यातले खर्चाचे आकडे नमुन्यादाखल धरले आहेत. तुमच्या घरचे आकडे त्या जागी घाला, रीत तीच राहील.

उदाहरणातले घर

नवरा ६० वर्षांचा, खासगी कंपनीतून नुकताच निवृत्त झालेला. बायको ५७ वर्षांची. नाशिकमध्ये ६०० चौरस फूट चटई क्षेत्राचा स्वतःचा फ्लॅट, कर्ज फिटलेले. हाती आलेली एकूण रक्कम ६० लाख रुपये आणि ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन दरमहा ४,००० रुपये. ईपीएसमध्ये पेन्शनसाठी धरला जाणारा पगार सध्या १५,००० रुपयांपुरताच मर्यादित आहे. त्यामुळे शेवटचा पगार कितीही असला तरी बहुतेकांच्या हाती एवढीच पेन्शन येते. खरा भार एकरकमी पैशांवरच असतो.

ही रक्कम पाच भागांत वाटू :

- ज्येष्ठ नागरिक बचत योजना : ३० लाख
- पोस्टाची मासिक उत्पन्न योजना, दोघांच्या नावे : ९ लाख
- अडीअडचण आणि दवाखाना, बँकेत हाताशी : ५ लाख
- घरदुरुस्ती : ३ लाख
- पुढच्या काळासाठी : १३ लाख

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात. एप्रिल २०२३ पूर्वी ही मर्यादा १५ लाख होती. ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये पडतात. मासिक उत्पन्न योजनेची मर्यादा एकट्यासाठी ९ लाख, संयुक्त खात्यासाठी १५ लाख आहे. ७.४ टक्के दराने ९ लाखांवर महिन्याला ५,५५० रुपये मिळतात. सरकार या दरांचा दर तिमाहीला फेरविचार करते, पण ज्या दिवशी पैसे ठेवाल त्या दिवशीचा दर तुमच्या ठेवीला पाच वर्षे कायम राहतो. ठेवण्याआधी पोस्टात चालू दर विचारून घ्या.

पेन्शन धरून महिन्याचे उत्पन्न झाले ३०,०५० रुपये.

महिन्याचा खर्च

- किराणा, भाजी, दूध : ९,०००
- गॅस, वीज, मोबाइल, इंटरनेट : ३,२००
- सोसायटीचा देखभाल खर्च : २,०००
- घरपट्टी (वर्षाची बाराने भागून) : ५००
- औषधे, तपासण्या : २,५००
- आरोग्य विमा (वर्षाचा हप्ता बाराने भागून) : ३,५००
- कामाच्या ताई : १,५००
- पेट्रोल, रिक्षा : १,५००
- सणवार, आहेर, नातवंडे : १,८००

बेरीज २५,५०० रुपये. उरले ४,५५०. यातले २,५०० प्रवासाचे, १,००० घराच्या किरकोळ देखभालीचे आणि १,०५० न सांगता येणाऱ्या खर्चाचे. प्रवासाच्या २,५०० रुपयांचे बँकेत एक वर्षाचे आवर्ती खाते उघडा. वर्षअखेर ३०,००० रुपये आणि वर थोडे व्याज हाती येईल. बचत खात्यात राहिलेले प्रवासाचे पैसे सहसा लग्नाच्या आहेरात जातात.

वर्षातून एकदाच येणारे खर्च बाराने भागून महिन्यात धरणे फार महत्त्वाचे आहे. घरपट्टी आणि विम्याचा हप्ता एकाच तिमाहीत आले की ठेव मोडली जाते, ती याच चुकीमुळे. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे. नूतनीकरणाच्या वेळी हप्त्याची पावती त्या दृष्टीने एकदा तपासा.

चौथ्या वर्षाची अडचण

वरचा हिशेब पहिल्या वर्षी बसतो. व्याज मात्र पाच वर्षे वाढत नाही आणि महागाई थांबत नाही. महागाई ६ टक्के धरली तर आजचा २५,५०० रुपयांचा घरखर्च चौथ्या वर्षी ३०,३७१ रुपये होतो. म्हणजे प्रवास आणि देखभाल बाजूला ठेवली तरी सगळे उत्पन्न घरखर्चातच संपते. बारा वर्षांनी हाच खर्च ५१,००० रुपयांच्या घरात जातो.

बाजूला ठेवलेले १३ लाख याच तुटीसाठी आहेत. पहिली तीन वर्षे त्यांना हात लावू नका. शेअर आणि रोखे यांच्या मिश्र म्युच्युअल फंडासारख्या जागी ते वाढू द्या. तिथे चढउतार असतो, म्हणून पुढच्या तीन वर्षांत लागणारे पैसे तिथे ठेवायचे नाहीत. चौथ्या वर्षापासून तुटीपुरतेच काढायचे. सगळीच रक्कम ठेवींत घातली तर पहिल्या वर्षी हात सैल वाटतो आणि आठव्या वर्षी आवळतो.

घर : खर्च कुठे करायचा

माझे वडील बाथरूममध्ये घसरले तेव्हा त्यांनी आधाराला टॉवेलची दांडी धरली. ती दोन छोट्या स्क्रूंवर टाइलला लावलेली होती, मुळासकट हातात आली. टॉवेलची दांडी टॉवेलपुरतीच असते, माणसाचे वजन ती पेलत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले. म्हणून घराच्या यादीत पहिला क्रमांक बाथरूमचा.

३ लाखांची वाटणी अशी :

- बाथरूम (खरखरीत टाइल, कमोड, आधाराचे दांडे, जलरोधक काम) : १,२०,०००
- वीज (जुनी वायरिंग, विजेच्या झटक्यापासून वाचवणारा आरसीसीबी स्विच, पलंगाजवळ बटण) : ४५,०००
- रंग : ५२,५००
- स्वयंपाकघराचा ओटा, नळ, खिडक्यांच्या जाळ्या : ४०,०००
- अनपेक्षित कामासाठी : ४२,५००

रंगाचा आकडा काढायची सोपी रीत आहे. चटई क्षेत्राला साडेतीनने गुणले की भिंती आणि छत मिळून रंगवायच्या जागेचा अंदाज येतो. ६०० फुटांच्या घरात ती २,१०० चौरस फूट होते, आणि २५ रुपये दराने ५२,५०० रुपये. रंगारी "सगळे मिळून" आकडा सांगतो तेव्हा हे गणित हाताशी असू द्या. दसरा-दिवाळीच्या आधी कारागीर मिळत नाहीत आणि दर चढतात. जानेवारी-फेब्रुवारीत तेच काम निवांत होते.

अनपेक्षित कामाचा भाग वगळू नका. टाइल उखडल्याशिवाय आतला पाइप सडला आहे की नाही ते कळत नाही. एकूण कामाच्या सहाव्या भागाइतकी रक्कम त्यासाठी असायलाच हवी.

ठेकेदाराशी बोलताना चार गोष्टी पाळा :

१. तीन ठिकाणांहून लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात मालाचा प्रकार, दर आणि माप वेगवेगळे लिहिलेले हवे.

२. आगाऊ रक्कम दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका. बाकीचे काम होईल तसे द्या.

३. बाथरूमचे जलरोधक काम झाल्यावर, टाइल बसवण्याआधी, मोरीचे तोंड बंद करून दोन इंच पाणी भरा आणि २४ तास तसेच ठेवा. खालच्या घरात जाऊन छत पाहा. तिथे ओल दिसली नाही तरच पुढचे काम सुरू करू द्या.

४. आधाराचा दांडा भिंतीच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोलवर बसवून घ्या. बसवल्यावर कारागिराला त्याला पूर्ण वजन देऊन लोंबकळायला सांगा. रबराच्या चकत्यांनी चिकटणाऱ्या दांड्यांवर विसंबू नका.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर आणखी एक. गच्चीतून पावसाचे पाणी झिरपून छत खराब झाले, तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार ती दुरुस्ती संस्थेने करायची असते. स्वतःचे पैसे घालण्याआधी सचिवांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. स्वतःचे घर, स्वतःची गच्ची असेल तर गळतीचे काम मे महिन्याच्या आत उरकून घ्या. ठेकेदाराच्या बिलाचा शेवटचा दहावा हिस्सा पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यायचा, हे आधीच लिहून घ्या.

बंगला किंवा रो-हाउस असेल तर छतावरच्या सौर यंत्रणेचाही विचार करा. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे.

मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग यांना या यादीत मी जागा दिलेली नाही. पडण्यापासून वाचवणारी कामे आधी, शोभेची नंतर.

प्रवास : ३०,००० रुपयांत काय बसते

एसटीपासून सुरुवात करा. मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व बसमध्ये महिलांना अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आणि ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. म्हणजे आपल्या जोडप्याला आज दोघांत दीड तिकीट लागते, नवऱ्याच्या पासष्टीनंतर एक, आणि दोघांची पंचाहत्तरी उलटली की एकही नाही. सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. आधार कार्ड जवळ ठेवा.

रेल्वेचा हिशेब करताना जुन्या आठवणीवर जाऊ नका. ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, अजून सुरू झालेली नाही. पूर्ण भाडे धरा. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते, पूर्वीसारखे १२० दिवस नाही. वय बरोबर भरले तर खालच्या बर्थसाठी प्राधान्य मिळू शकते, म्हणून मुलांनी घाईत भरलेला अर्ज एकदा डोळ्यांखालून घाला.

कोकणातल्या चार रात्रींच्या सहलीचा अंदाज असा :

- एसटी, दोघांचे जाणे-येणे : २,५००
- खोली, चार रात्री, १,५०० प्रमाणे : ६,०००
- जेवणखाण, पाच दिवस, ८०० प्रमाणे : ४,०००
- स्थानिक रिक्षा : १,५००
- इतर : १,०००

एकूण १५,०००. म्हणजे वर्षाला अशा दोन सहली. एका वेळी शेगाव किंवा गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी भक्तनिवासात राहिलात तर राहण्याचा खर्च बराच उतरतो आणि उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या लांबच्या प्रवासात जमा होतात. एक वर्ष एकच सहल केली तर दुसऱ्या वर्षी ४५,००० हाताशी येतात, त्यात रेल्वेने दक्षिणेकडे जाता येते.

निवृत्त माणसाजवळ नोकरदाराजवळ नसलेली एक गोष्ट असते : सुट्टीची तारीख त्याची तोच ठरवतो. दिवाळी, नाताळ आणि मे महिना टाळा, शनिवार-रविवार सोडून मंगळवारी निघा. खोली स्वस्त पडते आणि देवळात रांग नसते.

यात्रा कंपनीबरोबर जाणार असाल तर जाहिरातीतला आकडा धरू नका. जीएसटी, प्रवेश तिकिटे, रेल्वेचा वर्ग, बसमधली जागा आणि रद्द केल्यास परतावा, या पाच गोष्टी लेखी मागा. ६० वर्षांवरील आणि वार्षिक अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आहे. तिच्यात प्रति व्यक्ती ३०,००० रुपयांपर्यंत खर्चाची तरतूद आहे.

पैसे ठेवताना सांभाळायच्या गोष्टी

- घरदुरुस्तीचे ३ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घालू नका. वर्षाच्या आत खाते बंद केले तर व्याज मिळत नाही, दुसऱ्या वर्षात केले तर मुद्दलातून दीड टक्का कापला जातो आणि त्यानंतर एक टक्का.
- या योजनेचे व्याज वर्षाला १ लाखावर गेले की टीडीएस कापतात. उदाहरणातल्या घरावर नव्या करपद्धतीत कर लागत नाही, पण टीडीएस कापू नये असा अर्ज, म्हणजे आजवर १५-एच म्हणून ओळखला जाणारा, आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला द्यावा लागतो.
- एका बँकेत एका ठेवीदाराच्या व्याजासह ५ लाखांपर्यंतच्या ठेवींनाच विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. एक-दीड टक्का जादा व्याजासाठी निवृत्तीचे पैसे पतसंस्थेत ठेवू नका.
- प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन आहे का ते पाहा. हा सगळा हिशेब दोघांनाही तोंडपाठ हवा.
- वयाची ७० वर्षे पूर्ण झाली की उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते.
- कोणतीही अडचण आली तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

कामांचा क्रम

पहिल्या तीन महिन्यांत ५ लाख आणि ३ लाख बाजूला काढा, मगच ठेवी ठेवा. पहिल्या वर्षी बाथरूम आणि वीज, दुसऱ्या वर्षी रंग. प्रवासाचे आवर्ती खाते पहिल्याच महिन्यात उघडा. प्रवासाची हौस पहिल्या दहा वर्षांत भागवा, कारण पैसा नंतरही थोडाफार उभा करता येतो, चढण चढायची ताकद येत नाही.

आजच एक वही घ्या, दोघे मिळून बसा आणि पहिल्या पानावर तीन आकडे लिहा : महिन्याचा खर्च, घराचा खर्च, प्रवासाचा खर्च. बँकेतला किंवा विम्याचा माणूस काय सांगतो ते त्यानंतर ऐका.