वेदी, तंबू आणि विहीर
शास्त्रपाठ : उत्पत्ति 26:12–25, याकोब 2:14–17

इसहाकाच्या चरित्रात चमत्कार थोडे आहेत, विहिरी मात्र पुष्कळ आहेत. पाठाच्या शेवटच्या ओवीत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत : त्याने वेदी बांधली, तंबू ठोकला व त्याच्या चाकरांनी विहीर खणली. या तिहींपैकी एकही सुटली तर सेवा कशी अपुरी राहते, हे मध्य ऑस्ट्रेलियाच्या ओसाड प्रदेशातील हर्मन्सबर्ग मिशनच्या इतिहासावरून आपण पाहू.

तंबू. 1875 साली केम्पे व श्वार्त्स हे दोघे लूथरन मिशनरी दक्षिण ऑस्ट्रेलियातून गुरेमेंढरे घेऊन उत्तरेस निघाले. अवर्षणामुळे वाटेत त्यांना दीर्घकाळ अडकून पडावे लागले, आणि 1877 च्या जून महिन्यात ते फिंक नदीच्या काठी पोहोचले. नदी म्हणावी तर पात्रात बहुतेक दिवस नुसती वाळू! ही भूमी अरांडा लोकांची. तेथे राहायचे म्हणजे हातांनी घर बांधायचे, गुरे राखायची, औषधपाणी करायचे, मुलांना शिकवायचे, आणि पुढील उंटांचा तांडा धान्य घेऊन केव्हा येईल याची वाट पाहायची. 1891 पर्यंत आजारपणाने थकून ते सर्व परतले. 1894 मध्ये कार्ल श्ट्रेलो हे तेथे आले. 1922 साली ते असाध्य दुखण्याने ग्रासले असता त्यांना गाडीत घालून दूरच्या रेल्वेकडे नेऊ लागले. परंतु वाटेतच हॉर्सशू बेंड येथे त्यांचा अंत झाला.

वेदी. श्ट्रेलो यांनी अरांडा भाषा आत्मसात करून तीत नव्या कराराचे भाषांतर केले. या कामी त्यांना साह्य करणाऱ्यांत मोशे चालकाबोता हे होते. 1890 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांची दृष्टी गेली. परंतु वचने व गीते त्यांच्या मुखोद्गत होती. पत्नी सोफिया यांचा हात धरून ते दूरदूरच्या वस्त्यांत जात व आपल्या लोकांना आपल्याच भाषेत प्रभूची कथा सांगत. 1954 साली ते प्रभूमध्ये निजले. परदेशी मिशनरी आले आणि गेले. मंडळी टिकली ती अशा उपदेशकांमुळे.

विहीर. 1926 मध्ये पाद्री आल्ब्रेख्त व त्यांची पत्नी मिना ही तेथे आली, आणि लागलीच घोर अवर्षण पडले. रानातील कंदमुळे, फळे व शिकार नाहीशी झाली. लोक मिशनच्या शिध्यावर जगू लागले : पीठ, साखर व चहा. पोट भरत होते, तरी हिरड्या सुजत, अंगातील बळ जाई, आणि पुष्कळ मुले मरण पावली. हा स्कर्व्ही रोग होय. ताजी फळे व भाजी न मिळाल्याने तो जडतो. संत्री आणून दिल्यावर आजाऱ्यांस उतार पडला. शिधा देणाऱ्यांचे अंतःकरण चांगले होते, तरी केवळ पिठाने माणूस निरोगी राहत नाही हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

भाजी पिकवावी तर पाणी नव्हते. काही मैलांवर कापोरिल्या येथे झरे होते. अरांडा लोकांस ते पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. तेथून नळ आणावा असे आल्ब्रेख्त यांनी ठरविले. मेलबर्नच्या चित्रकार व्हायोलेट टीग व त्यांच्या भगिनी ऊना यांनी चित्रांचे प्रदर्शन भरवून द्रव्य जमविण्यास साह्य केले. अरांडा पुरुषांनी कठीण, खडकाळ जमिनीत चर खणला. 1 ऑक्टोबर 1935 रोजी पाणी वस्तीत पोहोचले. मग बागा झाल्या, भाजी आली, मुले सुधारली. पुढे 1982 साली ही भूमी तिच्या मूळ धन्यांच्या स्वाधीन झाली.

तात्पर्य. वचन सांगणारा उपदेशक मुलाच्या सुजलेल्या हिरड्या पाहत नसेल, तर याकोबाचा प्रश्न त्यालाच लागू पडतो. उलट, नळ आणला पण लोकांच्या भाषेत प्रभूचे नाव सांगितले नाही, तर तहान अर्धीच भागली. आणि जो त्यांच्यामध्ये राहत नाही, त्याला कशाची उणीव आहे हे कळणार तरी कसे?

मंडळीत विचारण्याचे प्रश्न

1. भांडण उठले तेव्हा इसहाकाने विहीर सोडली, पण खणणे सोडले नाही. यावरून आपण काय शिकतो?

2. डोळे गेल्यावर मोशे यांच्याजवळ जे उरले, त्यातील किती आपल्याला मुखोद्गत आहे?

3. पाणवठ्यावर मज्जाव होणे म्हणजे काय, हे आपल्यातील पुष्कळांच्या वाडवडिलांनी सोसले आहे. आज आपल्या गावी कोणाच्या घरी पाणी पोहोचत नाही? त्याकरिता या आठवड्यात आपण कोणते एक काम हाती घेऊ?